वाद, वितंडा आणि लोणारचे पाणी

‘वाद नको’ हे दोन शब्द आपल्या मराठी घरांतून फार वेळा उच्चारले जातात. जेवताना धर्माची गोष्ट निघाली, निवडणुकीचा विषय निघाला किंवा एखाद्या शास्त्रीय शोधाची बातमी निघाली, की घरातील वडीलधारे माणूस हे दोन शब्द उच्चारून विषयावर झाकण घालते. हेतू चांगलाच असतो. घरात कडवटपणा येऊ नये एवढीच त्यामागची इच्छा. तथापि ज्या घरात वाद होत नाही, त्या घरातील तरुण बाहेर पडल्यावर वाद न शिकता भांडण तेवढे शिकतात. म्हणून वाद म्हणजे काय आणि त्याचा बरेवाईटपणा कोणत्या कसोटीवर पाहावा, याचा विचार समीक्षेच्या अंगाने करावा असे आम्हांला वाटते. त्यासाठी उदाहरण दूरचे नको. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातच लोणारचे सरोवर आहे, आणि धर्म, विज्ञान, राजकारण व तंत्रज्ञान हे चारही विषय त्याच्या काठावर एकत्र आले आहेत.

प्रथम शब्दाकडे वळू. ‘वाद’ हा शब्द आज बदनाम झाला असला तरी भारतीय न्यायशास्त्रात तो मानाचा होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून दोघांनी मिळून केलेली चर्चा तो वाद. स्वतःचा पक्ष जिंकावा एवढ्यासाठीच केलेली चर्चा तो जल्प. तीत छल आणि शब्दांची ओढाताण चालते. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे मोडून काढणे ती वितंडा. आपण घरात ज्याला ‘वाद नको’ म्हणतो, तो बहुधा जल्प असतो, पुष्कळदा वितंडा असते. खऱ्या वादाला आपण अजून नको म्हटलेले नाही, कारण तो आपण क्वचितच करतो.

आपल्या परंपरेतही याच जातीची शिस्त आहे. संत थॉमस अक्वायनस आपल्या महाग्रंथात प्रत्येक प्रश्नाची सुरुवात प्रतिपक्षापासून करतात. आपल्या मताविरुद्ध जे जे आक्षेप घेता येतील ते ते आधी मांडायचे, तेही बळकट रूपात. मग आपले उत्तर द्यायचे आणि शेवटी एकेका आक्षेपाला जबाब द्यायचा. सेमिनरीत ही पद्धत विद्यार्थ्यांना किचकट वाटते. परंतु तिच्यात एक नैतिक शिकवण दडलेली आहे: ज्याचे म्हणणे तुला नीट सांगता येत नाही, त्याचे खंडन करण्याचा अधिकार तुला नाही.

या कसोटीवर मराठीतील धर्मचर्चेचे वाङ्मय पाहिले तर काय दिसते? फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्याची रचनाच श्रोत्यांच्या प्रश्नांवर उभी आहे. जुनी पुराणे आता वाचायची नाहीत, तर त्यांच्या जागी आम्हांला काय देता, असे नवख्रिस्ती श्रोते विचारतात आणि पाद्री ओवीतून सांगू लागतात. प्रश्न खरा आहे आणि तो दुःखातून आलेला आहे, हे कवीने ओळखले. म्हणूनच उत्तर त्याने लॅटिनमध्ये न देता लोकांच्या भाषेत व लोकांच्या छंदात दिले. अर्थात पाद्री उत्तर देणार आणि श्रोते ऐकणार, ही मांडणी बरोबरीची नव्हे, हेही समीक्षकाने नोंदवले पाहिजे. ज्या काळात सत्ता एका बाजूची होती, त्या काळाची ती खूण आहे.

बरोबरीचा वाद पाहायचा तर एकोणिसाव्या शतकात यावे लागते. १८३१ साली मुंबईत रेव्हरंड जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद गाजला. त्याहून प्रसिद्ध झाला तो १८५७ मधील समुद्रकिनाऱ्यावरचा वाद. जानेवारी ते मे या महिन्यांत गिरगावच्या वाळूवर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवन यांच्या सभा भरल्या. दोघेही असामान्य पुरुष होते. बोवन यांनी मिशनचे वेतन सोडून दरिद्री वस्तीत साधेपणाने आयुष्य काढले. बुवांनी संसाराचा त्याग केला होता. पुढे १८६७ साली त्यांनी ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहून सर्वांनी एका कुटुंबासारखे राहावे असे राज्य कल्पिले. अशी दोन माणसे समोरासमोर बसली असता त्यांच्या चर्चेतून काहीतरी अपूर्व निघावे अशी आपली अपेक्षा असते.

प्रत्यक्षात ही अपेक्षा अपुरी राहते. बोवन यांचा इंग्रजी वृत्तान्त १८५७ मध्येच निघाला, आणि ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ हे मराठी पुस्तक बुवांच्या निधनानंतर १८७२ मध्ये आले. या वाङ्मयाचे गुण मोठे आहेत. सभा उघड्यावर, सर्वांसमक्ष, मराठीत झाल्या आणि जे बोलले गेले ते लिहून ठेवले गेले. मराठी गद्याला त्यातून धार आली. पण दोष असा की दोन्ही बाजूंची बरीच शक्ती एकमेकांच्या शास्त्रग्रंथांतील विसंगती शोधण्यात गेली. ज्या करुणेने बोवन झोपडीत राहिले आणि ज्या करुणेने बुवांनी भुकेल्यांना अन्न देणारे राज्य कल्पिले, ती करुणा दोघांत सारखी होती. परंतु तिच्याविषयी त्यांचे बोलणे जमले नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत तो वाद कमी आणि जल्प अधिक होता. दोघांचे अनुयायी आपलाच जय झाला असे मानून घरी परतले असतील, तर त्यात नवल नाही. जल्पात असेच होते.

आता लोणारकडे येऊ. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, दीडशे मीटरच्या आसपास खोल असे हे विवर दख्खनच्या काळ्या अग्निजन्य खडकात पडले आहे. तळाशी खारट आणि अतिशय क्षारयुक्त पाण्याचे सरोवर आहे. काठावर जुनी देवळे, गावात दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर. ‘ऐन-इ-अकबरी’त काच व साबण करण्यास उपयोगी पडणारे पदार्थ येथे मिळतात अशी नोंद आहे. स्थानिक कथा अशी की लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या विवरात राहत असे. विष्णूने दैत्यसूदन होऊन वरचे झाकण उडवले आणि त्याचा वध केला. पाणी खारट का, याचे उत्तर त्या दैत्याच्या नावातच आहे.

या कथेविषयी दोन तऱ्हेचे बोलणे आम्ही ऐकतो. एक तऱ्हा उपहासाची: म्हणे दैत्य, म्हणे झाकण! दुसरी तऱ्हा ओढाताणीची: आकाशातून काहीतरी आले आणि खडक उडाला हे पूर्वजांना ठाऊक होते, तेच त्यांनी कथेत सांगितले, म्हणजे पुराण हेच विज्ञान. आमच्या मते दोन्ही तऱ्हांनी कथेवर अन्यायच होतो. ज्यांनी ती रचली त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले होते: ही खोली नेहमीची नव्हे, हे पाणी नेहमीचे नव्हे, येथे कधीतरी काही भयंकर घडले आहे. त्या विस्मयाला त्यांनी देवाच्या न्यायाची भाषा दिली. ही कथा भूशास्त्राचा अहवाल नव्हे, आणि अहवाल नाही म्हणून ती थट्टेचा विषयही होत नाही.

कॅथलिक वाचकाने येथे विशेष सावध असावे. लवणासुराला हसणारा आपल्यातलाच एखादा गृहस्थ उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील सहा दिवस घड्याळाने मोजू लागतो. मोजमाप दोन्हीकडे एकच हवे. संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीवर भाष्य करताना सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच इशारा दिला होता: पृथ्वी व आकाश यांविषयी जाणकारांना जे पक्के ठाऊक आहे, त्याविरुद्ध एखादा ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावाने काहीबाही बोलू लागला, तर ऐकणारे त्याला हसतात, आणि पुढे पुनरुत्थानाविषयीचे त्याचे बोलणेही ते मानीत नाहीत. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धान्त १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियन धर्मगुरू. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी त्या सिद्धान्तात सृष्टिनिर्मितीला दुजोरा पाहिला, तेव्हा लमेत्र यांना आनंद होण्याऐवजी काळजी वाटली. विज्ञानाचा एक टप्पा श्रद्धेच्या पायाखाली घालणे त्यांना धोक्याचे वाटले. आपल्या बाजूला अनुकूल दिसणारा पुरावासुद्धा गैरवापरापासून वाचवणे, ही वादातील प्रामाणिकपणाची फार अवघड परीक्षा आहे.

विज्ञानानेही लोणारबाबत एका फटक्यात सत्य गाठले नाही. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर यांनी या विवराकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मानले गेले. १८९६ साली अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवरावर लिहिताना लोणारचा उल्लेख केला. गिल्बर्ट यांच्या पुढे दोन तर्क होते: उल्का, किंवा भूगर्भातील वाफेचा स्फोट. त्यांनी दोघांनाही बोलू दिले. उल्का पुरलेली असेल तर चुंबकाची सुई हलली पाहिजे. तिने जागा अडवली असेल तर कड्यावरची माती खड्ड्यात मावता कामा नये. त्यांनी मोजले. सुई हलली नाही, माती मावली. म्हणून त्यांनी वाफेच्या स्फोटाचा निर्णय दिला. तो निर्णय चुकला. अतिवेगाने आदळणाऱ्या उल्केचा बहुतेक भाग आघातातच नष्ट होतो, हे पुढे कळले. १९७३ साली अमेरिकन व भारतीय शास्त्रज्ञांनी लोणारच्या खडकात आघाताच्या प्रचंड दाबानेच तयार होणारे काचेसारखे खनिज दाखवून दिले आणि उल्कापाताचा पक्ष सिद्ध झाला.

आम्हांला गिल्बर्ट यांचा आदर वाटतो तो याच कारणाने. त्यांचे उत्तर चुकले, पण कोणत्या पुराव्याने आपले मत पडेल हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. म्हणून नंतरच्यांना ते दुरुस्त करता आले. आजही विवराच्या वयाबद्दल मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. एवढे अंतर असूनही कोणी कोणाला देशद्रोही किंवा पाखंडी म्हटले नाही. याला वाद म्हणतात.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीचे, भीतीचे दिवस होते. तर्कांना ऊत आला. कोणाला त्यात शकुन दिसला, कोणाला कोप, कोणाला माणसाचे काही कारस्थान. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, नमुने तपासले गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगद्रव्यामुळे हे घडले. पाणी आटून क्षार वाढले तेव्हा हे जीव बहरले. पुढे रंग ओसरला. त्याच वर्षी सरोवराला रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचे स्थान मिळाले.

रंगाची चर्चा घरोघर झाली. गावाचे सांडपाणी सरोवराकडे जाऊ नये, विवरात पसरलेल्या वेड्या बाभळीचे काय करावे, संरक्षणाचा खर्च कोणी व कसा करावा, हे प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयापुढे आहेत. त्यांची चर्चा घरोघर झाली नाही. आमची खरी तक्रार हीच आहे. जल्पाला रंग आवडतो, कारण रंगावर कोणीही काहीही बोलू शकतो. गटाराबद्दल बोलायचे तर माहिती काढावी लागते, नगरपालिकेला प्रश्न विचारावा लागतो, आणि स्वतःच्या घरातील पाणी कोठे जाते तेही पाहावे लागते. ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणासाठी राजकारण, अर्थकारण, धर्म आणि विज्ञान यांच्यातील संवादाचा मार्ग एका पूर्ण प्रकरणात सांगितला. तो मार्ग रोमहून निघून लोणारच्या उतारावरच येतो.

या जिल्ह्यात आपण संख्येने थोडे आहोत. संख्येच्या जोरावर कोणताही वाद आपल्याला जिंकता येणार नाही; आणि आमच्या मते ही हानी नसून कृपा आहे. ज्याला जिंकायचेच नसते, तोच मोकळेपणाने सत्य ऐकू शकतो. संत पेत्राने आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सदैव सिद्ध राहावे असे सांगितले, पण सौम्यतेने व आदराने, हेही लगेच जोडले. व्हॅटिकनची वेधशाळा उल्काखंडांचा संग्रह जपते आणि २०२५ पासून तिचे संचालकपद गोवा प्रांताचे येशूसंघीय फादर रिचर्ड डिसोझा यांच्याकडे आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. कोणापुढे मिरवण्यासाठी नव्हे, तर श्रद्धा आणि शोध एका घरात नांदू शकतात हे कळण्यासाठी.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमचे सांगणे थोडक्यात असे. यापुढे घरात विषय निघाला की त्यावर झाकण घालू नका, एक नियम घाला: ज्याला विरोध करायचा त्याने आधी समोरच्याचे म्हणणे असे सांगावे की समोरचाच ‘होय, हेच माझे म्हणणे’ असे म्हणेल. आणि कोणती गोष्ट दाखवली तर आपले मत बदलेल, हेही प्रत्येकाने सांगावे. एवढे पाळले तर पुष्कळ भांडणे सुरूच होणार नाहीत, आणि जे सुरू होईल ते ऐकण्यासारखे असेल.