आबालाल रहिमान आणि त्यांचें कोल्हापूर

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून आबालाल रहिमान कोल्हापुरास परतले. यांत त्यांचें नुकसान झालें, हें मत आम्हांस मान्य नाहीं. रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ हीं स्थळें त्यांनीं पुनःपुन्हां रंगविलीं. एकाच पाण्यावर सकाळ व सायंकाळ किती निराळी उतरते, हें तेथें वस्ती करणारासच दिसतें. आश्रयदाते शाहू महाराज १९२२ सालीं निवर्तले, तेव्हां शोकावेगानें त्यांनीं आपलीं पुष्कळशीं चित्रें कोटितीर्थांत बुडविलीं, असें सांगतात. ही कथा आम्ही सारे मोठ्या कौतुकानें ऐकतों. परंतु जीं चित्रें उरलीं, तीं आम्हांपैकीं कितीजणांनीं डोळे भरून पाहिलीं? विरक्तीचे गोडवे गाणें सोपें, चित्रें जपणें कठीण. १९३१ सालीं दिवंगत झालेल्या या चित्रकाराचें खरें चरित्र त्या उरलेल्या चित्रांतच आहे, दंतकथेंत नव्हे.