डोमेल यांची संगणन पद्धती आणि रोहित्राचे प्रतिमान : एक चिकित्सा

विद्युतप्रणालीतील क्षणिक विद्युतचुंबकीय घटनांच्या अभ्यासात हर्मन डोमेल यांच्या १९६९ च्या शोधनिबंधाचे स्थान मूलभूत आहे. इंडक्टन्सच्या दुपटीला कालांतराने भागून येणारा रोध आणि त्यास समांतर, पूर्वस्थितीवर आधारित प्रवाहस्रोत अशी त्यांची मांडणी आहे. तीमुळे विकलक समीकरणांच्या जागी साधी बैजिक समीकरणे आली व विस्तृत जाळी संगणकाच्या आवाक्यात आली. 'ईएमटीपी' ही आज्ञावली याच पायावर उभी राहिली.

तथापि पद्धतीची अचूकता म्हणजे प्रतिमानाची अचूकता नव्हे. १९८२ मधील 'बीसीट्रान' हे रोहित्राचे प्रतिमान ओपन सर्किट व शॉर्ट सर्किट चाचण्यांवर आधारलेले आहे. या चाचण्या ५० किंवा ६० हर्ट्झला होतात. विजेच्या आघाताचा प्रमाणित तरंग मात्र १.२/५० मायक्रोसेकंदांचा असतो. तेथे वेटोळ्यांची धारिता निर्णायक ठरते आणि नेमकी तीच या चाचण्यांत दिसत नाही. गाभ्याची संपृक्तताही प्रतिमानाच्या टोकांशी बाहेरून जोडावी लागते. परिणामी त्रिभुजी गाभ्यातील चुंबकीय मार्गांचे परस्परावलंबन नीट उमटत नाही.

हा दोष डोमेल यांच्या पद्धतीचा नसून एका वारंवारतेची माहिती दुसरीला लावण्याचा आहे. अशा निष्कर्षावरून सर्ज अरेस्टरची जागा ठरविल्यास धोका वेटोळ्याच्या इन्सुलेशनला पोहोचतो. म्हणून पदव्युत्तर प्रकल्पांत पडद्यावरील सुबक वक्ररेषेस पुरावा मानण्यापूर्वी प्रतिमान कोणत्या वारंवारता-पट्ट्यात ग्राह्य आहे, हे नोंदविणे अगत्याचे ठरते.