घोड्यावरील हवापालट

प्रकृति बिघडली म्हणजे हवापालटास जावें, हा सल्ला आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिला जात आहे. या जुन्या सल्ल्यास अमेरिकेंत हल्लीं एक नवें रूप आलें आहे. तेथील पश्चिमेच्या डोंगराळ मुलखांत केवळ स्त्रियांसाठीं आरोग्यवास चालविले जातात. चार-सहा दिवस घोड्यावर बसून रानांत हिंडावयाचें, तंबूंत निजावयाचें, सकाळीं योगासनें करावयाचीं, रात्रीं शेकोटीभोंवतीं बसून मन मोकळें करावयाचें आणि ताजेंतवानें होऊन घरीं परतावयाचें, असा त्यांचा सामान्यतः क्रम असतो. या कल्पनेची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ती नवी आहे, एवढेंच मात्र आम्हांस मान्य नाहीं. घोडा, अरण्य आणि आजारी स्त्री या तिहींची गांठ पडली असतां काय घडतें, याचा एक प्रामाणिक वृत्तांत १८७९ सालींच लंडनमध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला आहे. इझाबेला बर्ड यांचें ‘अ लेडीज लाइफ इन द रॉकी माउंटन्स’ हें तें पुस्तक होय. आजच्या आरोग्यवासांची परीक्षा करावयास याच्याइतकी चांगली कसोटी आम्हांस दुसरी दिसत नाहीं.

बर्डबाई १८३१ सालीं इंग्लंडांत एका पाद्र्याच्या घरीं जन्मल्या. लहानपणापासून त्यांस पाठीच्या कण्याचें दुखणें होतें. अठराव्या वर्षीं कण्याजवळची एक गांठ शस्त्रक्रियेनें काढावी लागली. पाठदुखी, निद्रानाश आणि खिन्नता यांनीं त्यांचा पिच्छा पुरविला, आणि वैद्यांनीं समुद्रप्रवास सुचविला. वयाची चाळिशी उलटल्यावर, १८७२ सालीं त्या पुन्हां घराबाहेर पडल्या व ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड पाहून १८७३ च्या आरंभीं हवाई बेटांवर उतरल्या. खरा पालट तेथें झाला, आणि तो हवेपेक्षां खोगिरामुळें झाला असें म्हणावें लागतें. त्या काळची कुलीन इंग्रज स्त्री घोड्यावर दोन्ही पाय एकाच अंगास सोडून बसे. त्या बैठकींत कणा पिळवटून जाई व बाईंची पाठ असह्य दुखे. हवाई बेटांवरील स्त्रिया पुरुषांप्रमाणें दोहों बाजूंस पाय टाकून बसत. बाईंनीं मेक्सिकन पद्धतीच्या खोगिरावर तशी मांड ठोकून पाहिली, आणि जी बाई घरीं कोचावर पडून असे ती दिवसाचे दिवस डोंगरांतून घोडा हांकूं लागली. दुखणें कण्याचें असलें, तरी त्यांतील कांहीं भाग रूढीनें लादलेला होता, हें एका खोगिरानें उघड केलें.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत बाई कॅलिफोर्नियांतून कॉलोरॅडोकडे वळल्या. तो मुलूख अद्याप अमेरिकेचें राज्यही झाला नव्हता. पुढील तीन-चार महिन्यांत त्यांनीं घोड्यावरून आठशें मैलांहून अधिक मजल मारली, आणि त्यांतील मोठा भाग ‘बर्डी’ नांवाच्या एका चपळ तट्टाच्या सोबतीनें, एरवीं एकट्यानें. एस्टिस पार्क या दरींत त्या राहिल्या व तेथून लाँग्ज पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर चढल्या. पण आमच्या मतें पुस्तकाचा गाभा या चढाईंत नाहीं; तो बाईंच्या रोजच्या कामांत आहे. त्या गुरें वळावयास मळेवाल्यांबरोबर गेल्या. १८७३ च्या आर्थिक अरिष्टामुळें डेन्व्हर शहरांत पैसा मिळेनासा झाला, तेव्हां त्या परत दरींत आल्या आणि ऐन हिंवाळ्यांत एका लांकडी घरांत दोघां तरुणांसह राहिल्या. तेथें स्वयंपाक, झाडलोट, धुणें यांचा वांटा त्यांनीं उचलला. वाट चुकली तर ती त्यांनींच शोधावयाची, तट्टू थकलें तर त्यांनींच उतरावयाचें, असा हा प्रवास होता. लगाम त्यांच्या हातीं होता, हें अलंकाराच्या भाषेंत नव्हे, अक्षरशः खरें होतें.

या गोष्टीचें महत्त्व ध्यानांत येण्यास त्याच काळच्या वैद्यकाकडे पाहिलें पाहिजे. फिलाडेल्फियाचे प्रख्यात वैद्य सायलस वेअर मिचेल यांनीं १८७७ सालीं आपल्या ‘विश्रांतिचिकित्से’चें पुस्तक प्रसिद्ध केलें. थकलेल्या, खिन्न झालेल्या स्त्रीनें कित्येक आठवडे अंथरुणांत पडून राहावें, दूध व पौष्टिक अन्न घ्यावें, आप्तांस भेटूं नये, वाचूं-लिहूं नये, असा तो उपचार होता. शार्लट पर्किन्स गिलमन यांनीं १८८७ सालीं तो सोसला आणि १८९२ सालीं ‘द यलो वॉलपेपर’ या कथेंत त्याचें भयाण चित्र काढलें. याच मिचेलसाहेबांचा पुरुष रोग्यांस दिलेला सल्ला मात्र निराळा होता. ओवेन विस्टर या तरुणास त्यांनीं १८८५ सालीं वायोमिंगच्या रानांत धाडलें; तो तेथें घोड्यावर हिंडला, बरा झाला आणि पुढें त्या मुलखावर कादंबऱ्या लिहून नांवारूपास आला. म्हणजे पुरुषाच्या खिन्नतेस घोडा आणि स्त्रीच्या खिन्नतेस अंथरूण, अशी ही वांटणी होती. बर्डबाईंनीं विस्टरच्या बारा वर्षें आधीं पुरुषांचें औषध न विचारतां स्वतःच घेतलें. या पुस्तकाचें ऐतिहासिक मोल आम्ही यांतच मानतों.

पुस्तक म्हणून त्याचा मोठा गुण सचोटी हा आहे. हीं सतरा पत्रें बाईंनीं आपली धाकटी बहीण हेन्रिएटा हिला लिहिलीं, आणि बहिणीपाशीं कोणी फारशी ऐट मिरवीत नाहीं. शिखरावर आपण पराक्रमानें पोंचलों असें त्या म्हणत नाहींत. वाटाड्यानें आपणांस ओझ्याप्रमाणें ओढून नेलें, हें त्या हंसत सांगतात. कॉलोरॅडोची कोरडी हवा क्षयरोग्यांस मानवते म्हणून तेव्हां तेथें रोग्यांची रीघ लागली होती, आणि बाईही त्या हवेची तारीफ करितात. तरीपण कॉलोरॅडो स्प्रिंग्ज येथील एका खाणावळींत बाहेरच्या खोलींत मंडळी गप्पा आणि खेळ यांत रंगलेली असतां समोरच्या खोलींत एक क्षयी तरुण मरण पावला, हा प्रसंगही त्या गाळीत नाहींत. हवेची जाहिरात करणाऱ्या लेखणीनें तो खास गाळला असता.

दोषही सांगितले पाहिजेत. लोकापवादाचें भय बाईंस सुटलेलें नाहीं. डेन्व्हरमध्यें शिरण्यापूर्वीं त्या लांब झगा चढवितात आणि एका अंगास पाय सोडून बसतात. आपण पुरुषी वेश केला असें कोणी छापलें तेव्हां पुढील आवृत्तींत पोषाखाचें सविस्तर वर्णन देऊन त्या आपली मर्यादा सिद्ध करितात. हा दोष आम्ही क्षम्य समजतों. दुसरा मात्र तसा नाहीं. त्या देशच्या मूळ रहिवाशांविषयीं बाई ज्या तुच्छतेनें लिहितात, ती वाचवत नाहीं. एस्टिस पार्कच्या दरींत यूट आणि अरापाहो लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत आले होते. ती निर्जन भासली याचें एक कारण हें कीं, ते तेथून हटविले गेले होते. ज्या एकांतानें एकीस आरोग्य दिलें, तो एकांत दुसऱ्यांच्या हकालपट्टीनें तयार झाला होता. आजचे आरोग्यवासही त्याच डोंगरांत भरतात, म्हणून या गोष्टीचा विसर पडणें बरें नव्हे.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. घोड्याच्या चालीनें शरीरास हित होतें, ही केवळ भावना नाहीं. त्या चालीबरोबर स्वाराची कंबर पायीं चालणाऱ्याप्रमाणेंच हलते, आणि म्हणून पंगु रोग्यांसाठींही तिचा उपयोग करितात. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओनें गुडघ्यांखालीं लुळे झाले असतांही त्यांनीं १९५२ च्या ऑलिंपिक सामन्यांत अश्वारोहणाचें रौप्यपदक मिळविलें. तेव्हां अश्वारोहणाच्या आरोग्यवासांवर आमचा आक्षेप नाहीं. परंतु जेथें घोडा दुसऱ्यानें खोगीर घालून उभा केलेला, वाट दुसऱ्यानें आंखलेली आणि समाधानाची वेळही दुसऱ्यानें ठरविलेली असते, तेथें मिचेलसाहेबांचें अंथरूणच रानांत नेऊन घातलें आहे कीं काय, अशी शंका येते. ज्या आरोग्यवासांत स्त्रीस खोगीर कसावयास, वाट ओळखावयास आणि भिऊनही पुढें जावयास शिकवितात, तो बर्डबाईंच्या जातीचा समजावा.

एवढ्यानेंही प्रश्न सुटत नाहीं, आणि हें बाईंचें चरित्रच सांगतें. त्या घरीं परतल्या कीं दुखणें परते. कित्येकांनीं यावरून तें दुखणें ढोंग ठरविलें. आम्हांस तो तर्क उथळ वाटतो. एकच देह रानांत बारा तास घोडा चालवितो आणि बैठकीच्या खोलींत उठून बसूं शकत नाहीं, तर दोष देहाइतकाच त्या खोलीचाही असावा. वर्षांतून आठ दिवस तिला बाहेर काढून पुन्हां त्याच खोलींत आणून बसविणें म्हणजे कर्जाचें व्याज फेडीत राहाणें आहे. मुद्दल तसेंच राहतें. बाईंनीं मुद्दलास हात घातला. त्या जपान, मलाया, इराण, कोरिया, चीन असा प्रवास करीत राहिल्या. १८८९ सालीं त्या हिंदुस्थानांतही आल्या. श्रीनगर येथें पतीच्या आणि अमृतसर येथें बहिणीच्या नांवानें त्यांनीं रुग्णालयें काढविलीं. १८९२ सालीं लंडनच्या राजभौगोलिक मंडळानें स्त्रियांस प्रथमच सभासदत्व दिलें, त्यांत त्या होत्या.

ती बहीण हेन्रिएटा मात्र पत्रें वाचीत घरींच राहिली, आणि पुस्तक निघाल्यावर वर्षभरांत, १८८० सालीं, विषमज्वरानें वारली. तिची प्रकृति कशी होती, तिला कोठें जावेंसें वाटे, याविषयीं या सतरा पत्रांत आपणांस कांहींच कळत नाहीं. प्रत्येक हवापालटामागें घर सांभाळीत बसलेली अशी एक हेन्रिएटा असते. बहुधा ती आई, जाऊ किंवा वहिनी असते. आमच्या वाचकांनीं, आणि विशेषतः वाचकभगिनींनीं, हें पुस्तक अवश्य वाचावें. पण घरांत तें मोठ्यानें वाचावें, आणि पुढच्या खेपेस हवापालटास कोणीं जावयाचें, हें त्याच बैठकींत ठरवावें, अशी आमची शिफारस आहे.