फर्स्ट ऑथर कोण? सॅम, सेडी आणि श्रेयाचा हिशोब

संशोधनाच्या ब्लॉगवर कादंबरीचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. पण 'दोघांनी मिळून पेपर लिहिणं कसं असतं?' असं कुणी विचारलं, की मी गॅब्रिएल झेविनची 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो' (2022) वाचायला सांगते. (पुढे स्पॉयलर आहेत.)

सॅम आणि सेडी लहानपणी लॉस एंजेलिसच्या एका हॉस्पिटलमध्ये 'सुपर मारिओ' खेळताना भेटतात. ती आपल्याबरोबर घालवलेले तास समाजसेवेच्या हिशोबात लिहिते, हे त्याला कळतं आणि बोलणं बंद होतं. 1995 मध्ये ते पुन्हा भेटतात. तो हार्वर्डला, ती एमआयटीला. मग दोघं मिळून 'इचिगो' नावाचा गेम करतात आणि तो तुफान चालतो.

इथून पुढचा भाग तुमच्या कामाचा आहे. गेम दोघांचा, पण लोकांसमोर सॅम जास्त येतो आणि हळूहळू तो 'सॅमचा गेम' होऊन बसतो. सॅमने काही चोरलेलं नाही. तरी सेडीच्या मनात गाठ बसते, आणि ती वेळेवर बोलत नाही. दुसरी गाठ आणखी घट्ट आहे. गेमचं इंजिन सेडीच्या प्राध्यापकाचं, डोव्हचं. त्याच्याशी तिचं नातं होतं, आणि ते तिला त्रास देणारं होतं. हे ठाऊक असूनही सॅमने तिला इंजिन मागायला लावलं, असं तिला नंतर वाटतं. लॅबमध्ये सॉफ्टवेअर किंवा डेटा 'फुकट' मिळतो, तेव्हा त्याची किंमत कोण मोजतंय, हे विचारायला ही कादंबरी शिकवते. तिचं खरं बळ मला इथे दिसतं.

पण ती दोन ठिकाणी कमी पडते. पहिलं म्हणजे डोव्ह. त्याचं वागणं लेखिका स्पष्ट दाखवते, पण शेवटी त्याला फारच स्वस्तात सोडते. गाइडच्या हाती किती सत्ता असते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे खटकेल. दुसरं म्हणजे मार्क्स. पैसे, माणसं, वेळापत्रक, दोघांची भांडणं, सगळं हा निर्माता सांभाळतो. त्याच्या कामाचं मोल आपल्याला पुरतं कळतं ते गोळीबारात तो मेल्यावर. दोन मित्रांचं न बोललेलं भांडणही या मृत्यूखाली दबून जातं. समोरासमोर बसून केलेला हिशोब मला वाचायचा होता. तो नीट येतच नाही.

गंमत म्हणजे श्रेयाचा प्रश्न पुस्तकाबाहेरही आला. सेडीचा विद्यार्थीदशेतला गेम 'सोल्युशन' असा आहे: प्रश्न न विचारता कारखाना चालवत राहा, गुण मिळतात; शेवटी कळतं की आपण नाझींसाठी काम करत होतो. ब्रेंडा रोमेरो या गेम डिझायनरच्या 'ट्रेन' (2009) या बोर्ड गेममध्ये खेळाडू प्रवासी गाडीत भरतात आणि शेवटी कळतं, गाडी ऑश्विट्झला चालली आहे. आपल्या गेमचा उल्लेख पुस्तकात नाही, अशी जाहीर तक्रार रोमेरो यांनी केली. कादंबरीला संदर्भसूची लागत नाही, हे खरं. पण श्रेयावरच्याच कादंबरीत ही जागा रिकामी राहावी, हे मला पटत नाही.

आता तुमच्यासाठी. अनेक जर्नल्स 'क्रेडिट' नावाची 14 भूमिकांची यादी वापरतात. त्यात कल्पना आणि लेखनाबरोबर सॉफ्टवेअर, साधनं, निधी मिळवणं, प्रकल्पाचं व्यवस्थापन हेही येतं. म्हणजे मार्क्सला तिथे नाव आहे आणि डोव्हच्या इंजिनलाही. कादंबरी वाचताना ही यादी शेजारी ठेवा आणि 'इचिगो'साठी भरून बघा. मग तीच यादी, पहिला प्रयोग सुरू व्हायच्या आधी, आपल्या को-ऑथरबरोबर बसून भरा. थोडं अवघड वाटेल, पण सेडी जे वर्षानुवर्षं बोलली नाही, ते त्या अर्ध्या तासात बोलून होतं.