फुगणारी शेपूट: हवेचं गणित आणि ड्रायव्हरचं गणित

मंडळी, आता आपण ट्रकच्या पाठीकडे येऊ. उभ्या खोक्यासारखा ट्रेलर वेगात निघाला, की त्याच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि गाडी मागे ओढली जाते. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात नासाच्या ड्रायडन केंद्रानं एका व्हॅनवर चौकोनी खोकं चढवून ही ओढ मोजली. पुढचे कोपरे गोल केल्यावर ती जवळजवळ निम्म्यावर आली. मागे निमुळती शेपूट लावल्यावर आणखी उतरली. म्हणजे तत्त्व जुनंच आहे. अडतं कुठे, तर ती शेपूट मिटवायची कशी, इथे.

अमेरिकेत ‘ट्रेलरटेल’ नावाच्या घडीच्या फळ्या हजारो ट्रेलरांच्या मागच्या दारांवर बसल्या. सुरुवातीच्या रचनेत ड्रायव्हरनं खाली उतरून त्या हातानं उघडायच्या. डिझेलची बचत बहुतेक वेळा मालकाची, आणि पावसात मागे जायचं ड्रायव्हरनं! फळ्या मिटलेल्याच राहिल्या तर दोष कुणाला द्यायचा?

म्हणून फुगणारी शेपूट मोहात पाडते. ताशी ९० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा जोर साधारण ३७५ पास्कल, वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तेवढ्यासाठी छोटा पंखा पुरतो. वेग वाढला की फुगेल, थांबताना बसेल. ट्रक मागे घेताना भिंतीला टेकली तरी मोडणार नाही. ड्रायव्हरला उतरायलाच नको. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण बघा, फुगलेलं कापड गोल व्हायला धावतं. शेपटीला तर सपाट, दहा-पंधरा अंश आत वळलेल्या बाजू हव्यात आणि शेवटी तीक्ष्ण कड हवी. कड गोल झाली, की हवा नेमकी कुठे सुटेल याचा भरवसा राहत नाही. आतून पट्ट्यांनी ताणून कापड सपाट ठेवता येतं, पण मग घडी जाड होते. आणि ट्रेलरची दारं पूर्ण फिरवून बाजूला टेकवावी लागतात. तिथे चार बोटं जाडीही नडते.

२०१५ मध्ये फ्रँकफर्टला मर्सिडीजनं एक गाडी दाखवली. ताशी ८० किलोमीटरला मागून आठ पाती ३९० मिलिमीटरपर्यंत बाहेर यायची, ड्रॅगचा गुणांक ०.२५ वरून ०.१९ वर. सुंदर काम! पण ती प्रदर्शनातली मोटार. तिला रोज गोदामाच्या धक्क्याला पाठ लावायची नव्हती. तिच्या आकड्यांवर ट्रकची शेपूट तोलणं आम्हाला पटत नाही.

त्यामुळे विंड टनेलचे आलेख कुणी पुढे केले, की आम्ही आधी विचारतो: मिटल्यावर जाडी किती? आणि पिशवी महामार्गावर फाटली, तर लोंबणारं कापड मागच्या दिव्यांवर तर येत नाही ना?