भाभा-कॉर्बेनचा पेपर आणि ‘दृढ’ हा शब्द

पीएचडीच्या प्रस्तावात ‘विद्युतचुंबकीय क्षेत्रात फिरणारी दृढ वस्तू, सापेक्षतेसह’ असं काही लिहिताय? मीही लिहिलं होतं. सहा महिन्यांनी कळलं, अडचण ‘दृढ’ या शब्दातच आहे.

आमच्या जालन्यात सळई काढणाऱ्या रोलिंग मिल आहेत. तिथलं जड फ्लायव्हील डोळ्यांसमोर आणा. शाफ्टला दिलेला पीळ पोलादातून सेकंदाला साधारण ३ किलोमीटर वेगानं कडेकडे जातो. त्रिज्या १ मीटर असेल तर मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सा कडेला पत्ताच नसतो! खरोखर दृढ वस्तूत ही बातमी तत्क्षणी पोचली पाहिजे, आणि सापेक्षतेला ते चालत नाही. बॉर्ननं १९०९ मध्ये सापेक्षतेत बसणारी व्याख्या केली. त्याच वर्षी एरेनफेस्टनं दाखवलं की तशी वस्तू स्थिर असेल तर फिरायला सुरुवातच करू शकत नाही. इलेक्ट्रॉनला २.८ फेम्टोमीटर त्रिज्येचा भरीव गोळा मानून साधा हिशेब करा, कडेचा वेग प्रकाशाच्या सुमारे १७० पट येतो.

म्हणून होमी भाभा आणि एच. सी. कॉर्बेन यांचा १९४१ चा, रॉयल सोसायटीच्या प्रोसिडिंग्जमधला पेपर वाचा. मुंबईचे भाभा तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. त्यांनी वस्तूच सोडून दिली. उरला एक बिंदू, त्याला प्रभार, स्पिन आणि द्विध्रुव आघूर्ण. डिरॅकनं १९३८ मध्ये बिंदूच्या विश्वरेषेभोवती बारीक नळी कल्पून तिच्यातून जाणाऱ्या ऊर्जा-संवेगाचा जमाखर्च मांडला होता. यांनी त्यात कोनीय संवेगही धरला. बिंदूच्या पोटात काय आहे, हे विचारायचंच नाही. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

तक्रारही आहे. समीकरणं इतकी लांब होतात की कोणतं पद काय करतंय, हे वाचणाऱ्यालाच शोधावं लागतं. शिवाय स्पिन कोणत्या बिंदूभोवती मोजायचा, याची अट आपण घालायची असते. ती नेहमीच्या पद्धतीनं घातली तर मोकळा कणसुद्धा मळसूत्री वाटेनं जाऊ शकतो. माथिसननं हे १९३७ मध्येच दाखवलं होतं.

आपल्याला शिकवतात ते मात्र बार्गमान, मिशेल आणि तेलेग्दी यांचं १९५९ चं समीकरण. सुटसुटीत आहे, म्युऑनच्या प्रयोगांत कामाचंही आहे. पण ते सुटसुटीत का आहे? प्रारणाची प्रतिक्रिया आणि क्षेत्राच्या चढ-उतारानं येणारं बल त्यात नाही. हे न सांगता शिकवलं की विद्यार्थ्याला तोच पूर्ण सिद्धांत वाटतो.

तेव्हा बीएमटी आधी हातानं काढा. मग भाभा-कॉर्बेन उघडा, आणि यातलं काय तिकडे गळालंय त्यावर पेन्सिलीनं खुणा करत जा. मला तीन आठवडे लागले.