'कासव' आणि न विचारलेले प्रश्न

आज 'कासव' या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे, आणि थोडी तक्रारही करायची आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटाला 2016 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. माझा तो फार आवडता आहे. तक्रार आहे ती म्हणूनच.

गोष्ट तुम्हाला आठवत असेल. जगणं नकोसं झालेला एक तरुण जानकीला भेटतो. मनाचं दुखणं काय असतं हे तिला स्वतःवरून माहीत आहे. ती त्याला कोकणातल्या घरी आणते, खाऊ घालते, झोपू देते. प्रश्नांनी भंडावत नाही. शेजारी समुद्रकासवं वाचवण्याचं काम चाललेलं आहे. अंड्यांची राखण माणसांनी करायची, पण पिल्लाने पाण्याकडे जायचं ते आपल्या पायांनी. जानकीची माया याच जातीची आहे. आजारी मनाचा तमाशा न करता त्याच्याजवळ नुसतं बसता येतं, हे या चित्रपटाने आपल्याला दाखवलं. हे मोठंच काम आहे.

मग तक्रार कसली? तर या न विचारण्याची.

बघा, समजा जानकीच्या दारात गडचिरोलीकडची तीस-बत्तीस वर्षांची एक बाई आली. आदिवासी आहे, नागपुरात नोकरी करते, आणि तिला सिकलसेल आहे. या आजारात रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडीत, अंगातलं पाणी कमी झालं की, हाडं फोडून काढणारी कळ उठते. ती ओसरली की माणूस चारचौघांसारखा दिसतो. कळ किती आहे हे कुठल्याही तपासणीत मोजून मिळत नाही, बाई सांगेल तेवढीच ती कळते. आणि तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ऐकणारा तिच्याकडे बघून ठरवतो. 'कामचुकार आहे', 'ही माणसं अशीच', 'सवलती घेऊन आलेली'. दुखणं आणि ओळख इथे एकमेकांत गुंतलेली आहेत.

आता या बाईला 'मी तुझी जात, गाव, आजार काही विचारत नाही, माझ्यासाठी सगळे सारखे' असं म्हटलं, तर काय होईल? म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण जे तिला सगळ्यात जास्त सांगायचं होतं, नेमकं तेच दाराबाहेर राहील. सिकलसेलच्या बाबतीत समुपदेशन हा शब्द आपल्या कानावर येतो तोही बहुतेक लग्नापुरता. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, वगैरे. ते सांगायलाच हवं. पण पुढे होणाऱ्या मुलाची एवढी काळजी, आणि समोर बसलेल्या बाईच्या मनाचं काय?

ओळखीला होकार देणारं समुपदेशन म्हणतात ते इथे सुरू होतं. होकार म्हणजे पाठ थोपटणं नव्हे, किंवा 'तुम्ही म्हणाल ते खरं' असंही नव्हे. 'तुम्हाला दुखतंय हे मी धरून चालतो. आणि दवाखान्यात, ऑफिसात तुम्हाला जी वागणूक मिळाली ती तुमच्या मनाचा खेळ नव्हे,' इथून बोलायला लागणं म्हणजे होकार. मग विचारायचं, तिला हवं तेव्हा, हवं तेवढं. औषध चालू आहे का, हेही विचारायचं. नाहीतर शरीराचं दुखणं 'टेन्शन' म्हणून खपवलं जातं.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेल आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, कलम 18, उपचारात भेदभाव नको म्हणताना जात, वर्ग, लिंग, लैंगिक कल, धर्म, अपंगत्व यांची नावं घेतो. 'सगळे सारखे' एवढ्यावर भागतं, असं कायद्यालाही वाटलेलं नाही.

'कासव'मधल्या तरुणाला नुसत्या मायेने आधार मिळू शकतो, कारण त्याचं दुखणं खोटं आहे अशी शंका त्या घरात कुणालाच येत नाही. प्रेक्षक म्हणून आपल्यालाही येत नाही. आपण ती सवलत त्याला आधीच दिलेली असते. माझी तक्रार चित्रपटापेक्षा या सवलतीबद्दल जास्त आहे. ती आपण कुणाला देतो आणि कुणाकडे पुरावा मागतो?

पुन्हा 'कासव' बघाल तेव्हा त्या पलंगावर मनातल्या मनात त्या बाईला झोपवून बघा. आपला विश्वास तेवढाच राहतो का, ते तपासा. थांबतो.